कॅलिफोर्नियात कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स काढलं, त्याची सगळी हकीकत

लायसन्स मिळाल्यापासून बरेच जण फोन करून विचारतात की कसं काढलं, परीक्षा अवघड असते का, खर्च किती येतो, आणि फोनवर प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून काढावं म्हणून बसलोय. आधीच सांगून टाकतो, परीक्षेचं टेन्शन घेऊ नका. अभ्यास करणारा माणूस परीक्षा पास होतो. खरं काम आहे ते म्हणजे आपण चार वर्षं हे काम स्वतःच्या हाताने केलंय हे कागदावर दाखवणं आणि त्याच्याखाली सही करणारा माणूस शोधणं. लोक नेमकं ह्याच्याकडे शेवटी वळतात, म्हणून ह्याच्यावर मी जास्त लिहिणार आहे.

मी मूळचा मिरजेचा. आयटीआयला कारपेंटर ट्रेड केला, मग पुण्यात बरीच वर्षं शटरिंग, दरवाजे-खिडक्या, किचनची फर्निचरं असं सगळं केलं. ताईने माझ्यासाठी भरलेला ग्रीन कार्डचा अर्ज बारा-तेरा वर्षांनी निघाला आणि बायको-मुलीला घेऊन फ्रीमाँटला आलो. इकडे आल्यावर पहिलं जे कळलं ते म्हणजे घरं लाकडाची असतात. आपल्याकडे सुतार भिंत झाल्यावर येतो, इथे भिंतच सुतार उभी करतो. सोळा-सोळा इंचावर उभे स्टड, खाली-वर आडव्या प्लेटा, खिडकीच्या वर भार घेणारा आडवा हेडर, मग आतून ड्रायवॉल म्हणजे जिप्समचे बोर्ड. हा लाकडी सांगाडा उभा करणं म्हणजे फ्रेमिंग. हात सुतारकामाला सरावलेला होता त्यामुळे मी रिमॉडेलिंगच्या कामाला लागलो आणि फ्रेमिंग, ड्रायवॉल, टाइल्स, कॅबिनेट बसवणं हे सगळं एकाच टीममध्ये शिकत गेलो.

आता लायसन्स लागतं का, तर लागतं. कॅलिफोर्नियात हे काम कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड बघतं, सगळे त्याला सीएसएलबी म्हणतात, ऑफिस सॅक्रामेंटोला आहे आणि बोर्ड १९२९ पासूनचं आहे. नियम असा की मजुरी आणि मटेरियल धरून १,००० डॉलर किंवा त्याच्या वरचं काम असेल तर लायसन्सशिवाय घ्यायचं नाही. आधी ही मर्यादा ५०० डॉलर होती, १ जानेवारी २०२५ पासून हजार झाली. पण हजाराच्या आतलं काम म्हणजे सगळं मोकळं असं नाहीये, त्या कामाला बांधकामाचं परमिट लागत नसेल आणि तुम्ही हाताखाली कोणी मजूर घेतला नसेल तरच ती सूट आहे. आणि मोठं काम तुकडे करून नऊशे-नऊशेची बिलं करायची हे चालत नाही, ते कायद्यात स्पष्ट लिहिलंय.

सुरुवातीला आमचे दाजी मला म्हणायचे, "अरे शनिवार-रविवारी दोन बाथरूम कर की स्वतःच्या अंगावर, ओळखीची घरं आहेत, कॅश देतील, कोण बघायला येतंय?" दाजींचा हेतू चांगलाच होता, त्यांना वाटायचं मेव्हण्याचा लवकर जम बसावा. मी त्यांना म्हटलं, "दाजी, पोरीला इकडे वाढवायचंय, असलं काही नको." तेव्हा मला कायदा पूर्ण माहीतही नव्हता, नंतर अभ्यास करताना कलम ७०३१ वाचलं आणि नाही म्हटलं ते किती बरं झालं हे कळलं.

हे कलम ७०३१ प्रत्येकाने समजून घ्या, काम करणाऱ्यानेही आणि करून घेणाऱ्यानेही. तुमच्याकडे लायसन्स नाही, तुम्ही कोणाचं काम केलं, काम एक नंबर केलं, आणि त्याने पैसे दिले नाहीत, तर तुम्ही कोर्टात जाऊन ते मागू शकत नाही. कोर्ट तुमचं ऐकतच नाही. आणि ह्याच्या पुढची गोष्ट म्हणजे त्याने आधीच दिलेले पैसे तो सगळेच्या सगळे परत मागू शकतो, मटेरियलला गेलेले, मजुरीला गेलेले, सगळे. घरमालकाला आधीपासून माहीत होतं की ह्याच्याकडे लायसन्स नाही, तरी फरक पडत नाही. आमच्या ओळखीतल्या एकाने असंच एक अख्खं किचन केलं होतं, मालक शेवटच्या टप्प्याला फिरला, राहिलेली मोठी रक्कम बुडाली आणि वकिलाने सांगितलं की गप्प बसा नाहीतर आधीचेही परत द्यावे लागतील. तो माणूस कामात माझ्यापेक्षा हुशार आहे हे मी मनापासून सांगतो. शिवाय विनालायसन्स काम करणं हा गुन्हा आहे, पहिल्यांदा सापडलं तरी सहा महिन्यांपर्यंत जेल किंवा ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि बोर्ड वेगळा प्रशासकीय दंड लावतं तो अजून जास्त असू शकतो. बोर्डाची टीम घरमालक बनून लोकांना एस्टिमेट द्यायला बोलावते आणि तिथेच पकडते, हे नेहमी चालू असतं.

पुण्या-मुंबईकडचे लोक विचारतात की इतकं कडक कशाला. आपल्याकडे पीडब्ल्यूडीची नोंदणी असते ती सरकारी कामांसाठी, किती रकमेपर्यंत काम घेता येईल त्याचे वर्ग असतात, वायरिंगवाल्याला सरकारी परवाना लागतो, पण फ्लॅटचं किचन तोडून नवीन करणाऱ्या मिस्त्रीला कोणी काही विचारत नाही. त्यात ग्राहकही मरतो आणि चांगला मिस्त्रीपण मरतो, कारण चांगला आणि वाईट एकाच भावात विकला जातो. मला इथली पद्धत पटते, अगदी मनापासून पटते, फक्त तिच्यात गरीब कामगाराची जिथे अडचण होते ते पुढे सांगतो.

मग पहिला प्रश्न, कुठलं लायसन्स. ए म्हणजे रस्ते, पूल, धरणं असली इंजिनिअरिंगची कामं. बी म्हणजे जनरल बिल्डिंग. सी मध्ये एकेका कामाचं वेगळं, सी-१० इलेक्ट्रिकल, सी-३६ प्लंबिंग, सी-३३ रंगकाम, सी-५४ टाइल, सी-९ ड्रायवॉल, सी-२० एसी आणि हीटिंग, अशी बरीच आहेत. २०२१ पासून बी-२ म्हणून एक नवीन आलंय, राहत्या घराच्या रिमॉडेलिंगसाठी, ज्यात कमीत कमी तीन वेगवेगळ्या ट्रेडचं काम असलं पाहिजे पण घराचा भार पेलणाऱ्या भिंतीला हात लावता येत नाही. बऱ्याच जणांना बी-२ बरोबर बसतं, कारण बी साठी फ्रेमिंगचा अनुभव दाखवावा लागतो आणि नुसतं टाइल-रंग-कॅबिनेट केलेल्यांकडे तो नसतो. मी बी घेतलं. कारण आपल्या लोकांचं किचनचं काम आलं की पहिली मागणी हीच असते की ही मधली भिंत काढा आणि किचन-हॉल एक करा, आणि ती भिंत निम्म्या वेळा भार घेणारी निघते. शिवाय फ्रेमिंग मी केलं होतं. अजून एक, बी वाल्याने फक्त एकाच ट्रेडचं काम सरसकट घ्यायचं नसतं, फ्रेमिंग-सुतारकाम सोडून किमान दोन वेगळे ट्रेड त्या कामात पाहिजेत, म्हणजे कोणाचं नुसतं वायरिंग बदलायचं असेल तर ते सी-१० वाल्याचं काम.

आता अनुभव. नियम असा की मागच्या १० वर्षांतला किमान ४ वर्षांचा अनुभव पाहिजे आणि तो जर्नीमन पातळीचा, म्हणजे कोणी वर उभं न राहता तुम्ही ते काम स्वतंत्रपणे करू शकता अशा पातळीचा. फोरमन, सुपरवायझर म्हणून केलेलं चालतं, स्वतःच कॉन्ट्रॅक्टर असाल तर ते चालतं, स्वतःचं घर स्वतः बांधलं असेल तर तेही धरतात. पण हेल्परगिरीची, शिकाऊपणाची वर्षं ह्यात येत नाहीत. माझं पुण्याचं काम त्या १० वर्षांच्या बाहेर पडत होतं आणि तिकडच्या सेठने सही करून दिली असती तरी इथल्या लाकडी फ्रेमिंगशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून तो विषय मी सोडून दिला. जे सिव्हिल इंजिनिअर आहेत त्यांना सांगतो, तुमच्या डिग्रीचा फायदा होतो, कामाशी थेट संबंध असलेली इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चरची चार वर्षांची डिग्री असेल तर जास्तीत जास्त ३ वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते, पण एक वर्ष तरी प्रत्यक्ष हाताने केलेलं काम लागतंच. भारतातली डिग्री असेल तर ट्रान्सक्रिप्टचं इव्हॅल्युएशन करून घ्या आधीच, कॉलेजकडून कागद यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीतच आहे.

मी दोन ठिकाणी काम केलं होतं. दुसऱ्या ठिकाणचा मालक चांगला, त्याने लगेच अनुभवाचा फॉर्म भरून सही करून दिला. पहिल्या ठिकाणी अडलं. तिथला मालक, नाव नाही घेत, मला तोंडावर म्हणाला की तू लायसन्स काढलंस की माझीच गिऱ्हाईकं घेशील, मी सही करणार नाही. मी त्याच्याकडे उन्हातान्हात राबलो होतो, त्याची घरं उभी केली होती, आणि त्याच्या एका सहीवर माझी ती सगळी वर्षं अडकून पडली. त्यातून शनिवारचे पैसे तो रोख द्यायचा त्यामुळे ते तास कुठल्याच कागदावर नव्हते. त्या रात्री झोप आली नाही, बायको म्हणाली अजून थोडी वर्षं ह्या नव्या मालकाकडे काढा मग होतीलच चार वर्षं पूर्ण. पण ती वर्षं मी केली होती ना. केलेलं काम का सोडायचं.

मग फॉर्म परत नीट वाचला तेव्हा कळलं की सही मालकाचीच पाहिजे असं कुठेच नाहीये. ज्याने तुमचं काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय तो कोणीही चालतो, बरोबरचा कामगार, फोरमन, दुसरा कॉन्ट्रॅक्टर, युनियनचा माणूस, बिल्डिंग इन्स्पेक्टर, आर्किटेक्ट, अगदी ज्यांच्या घरी काम केलं तो घरमालकसुद्धा. अट एकच, त्याला प्रत्यक्ष माहिती पाहिजे, आणि तो शपथेवर सही करतो, खोटं निघालं तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. हे वाचल्यावर मी त्या पहिल्या ठिकाणच्या फोरमनला फोन केला. मेक्सिकोचा माणूस, वयाने मोठा, आता त्याने ते काम सोडून स्वतःचं लायसन्स काढलं होतं. तो म्हणाला ये, संध्याकाळी सान लिआँड्रोला साइटवर आहे.

त्याच्या ट्रकच्या मागच्या फळीवर आम्ही फॉर्म ठेवून बसलो. मला वाटलं होतं सही करेल आणि देईल. तसं नाही. त्याने एकेक काम विचारायला सुरुवात केली. त्या हिरव्या घराचा स्लायडिंग डोअरचा हेडर कोणी कापला होता आठवतं का, मागची भिंत काढली तेव्हा तात्पुरते टेकू कसे दिले होते, टाइलखाली वॉटरप्रूफिंग कुठलं मारलं. मी सांगत गेलो आणि तो लिहित गेला, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, पूर्णवेळ, काय काय काम. मी म्हटलं रूफिंग पण लिही, मी शिंगल्स बसवल्यात. तो थांबला आणि म्हणाला, "ते मी पाहिलेलं नाही, तेव्हा मी दुसऱ्या साइटवर होतो, मी पाहिलं नाही ते मी लिहिणार नाही." मला त्या क्षणी थोडं वाईट वाटलं, पण खरं सांगतो, त्या माणसाबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो त्या वाक्याने आहे. रूफिंग नाही लिहिलं तरी काही अडलं नाही, बी ला फ्रेमिंग आणि बाकीचे ट्रेड पुरेसे होते.

फॉर्मबरोबर पुरावे तयार ठेवा. डब्ल्यू-२ आणि १०९९ (वर्षभरात किती पैसे मिळाले त्याचे टॅक्सचे कागद), पगाराच्या स्लिपा, परमिटच्या कॉप्या, साइटवरचे फोटो, मालकाचे मेसेज, जे असेल ते. बोर्ड प्रत्येकाकडे सगळं मागतंच असं नाही पण मागितलं तर द्यावं लागतं, आणि कायद्यानेच बोर्डाला किमान ३ टक्के अर्जांची सखोल चौकशी करायची असते, म्हणजे ते खरंच फोन करून विचारू शकतात. मी आल्यापासून प्रत्येक पगाराची स्लिप एका पिशवीत टाकत गेलो होतो, आईची सवय, रेशनच्या पावत्यासुद्धा ती फेकायची नाही. त्या पिशवीने मला तारलं. आणि इथेच ती अडचण आहे जी मी वर म्हटलं. जो कामगार पूर्ण रोखीत काम करतो, ज्याचा मालक स्लिपच देत नाही, तो दहा वर्षं राबला तरी कागदावर त्याचा अनुभव शून्य. त्याची त्यात काही चूक नसते. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी आयटिनवर, म्हणजे नुसत्या टॅक्स भरायच्या नंबरवर, अर्ज करता येतो, एवढा मोठेपणा कॅलिफोर्नियाने दाखवलाय, पण अनुभवाचा कागद नसेल तर तिथेच गाडी अडते. म्हणून आत्ता कामाला असलेल्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, पगार चेकनेच घ्या, रोजच्या कामाची वही ठेवा, पत्ता, तारीख, काय केलं, बरोबर कोण होतं, आणि नोकरी सोडताना जाताजाताच सही घेऊन ठेवा, भांडण व्हायच्या आधी.

अर्जाची फी ४५० डॉलर. नंतर पास झाल्यावर लायसन्सची फी वेगळी, एकट्याच्या नावावर असेल तर २०० डॉलर, कंपनी किंवा पार्टनरशिप असेल तर ३५०. अर्ज स्वीकारला की बोटांच्या ठशांचं पत्र येतं, त्याला लाइव्ह स्कॅन म्हणतात, काचेवर बोट ठेवून घेतात आणि ते राज्याच्या न्याय खात्याकडे आणि एफबीआयकडे जातात. ह्यात एक गोष्ट टाइल आणि सिमेंटवाल्यांसाठी. आपली बोटं झिजलेली असतात. थिनसेट म्हणजे टाइल चिकटवायचा मसाला, सांध्यात भरायचा ग्राउट, ड्रायवॉलची पावडर, ह्याने बोटांच्या रेषा जातात. ती बाई माझं बोट काचेवर दाबून परत परत बघत होती, स्क्रीनवर नुसता पांढरा गोळा यायचा. पहिले ठसे नीट न आल्याने परत गेले. मग दुसऱ्या खेपेच्या आधी काही दिवस मी मालकाला सांगून टाइलचं काम घेतलं नाही, फ्रेमिंगला हातमोजे घालून राहिलो, आणि रोज रात्री बायको बोटांना खोबरेल तेल चोळून द्यायची. दुसऱ्या वेळी आले. तुम्ही आधीच ही काळजी घ्या, पत्र यायची वाट बघू नका.

परीक्षा दोन. एक कायदा आणि व्यवसाय, जी सगळ्यांना सारखी, आणि दुसरी आपल्या ट्रेडची. दोन्ही कॉम्प्युटरवर, पर्याय निवडायचे, पुस्तक बघायला परवानगी नाही. खिशातलं सगळं लॉकरमध्ये, मोबाइल, घड्याळ, पाकीट. अर्ज मंजूर झाल्यापासून १८ महिन्यांत दोन्ही पास व्हावं लागतं. अभ्यासाचं गाइड बोर्डाच्या वेबसाइटवर मोफत आहे, कशावर किती प्रश्न त्याची टक्केवारी त्यात दिलीय, आधी ते वाचा आणि मग क्लासला पैसे द्यायचे का ठरवा. मी ऑनलाइन सराव प्रश्न विकत घेतले होते, क्लास लावला नाही. ट्रेडच्या पेपरात एस्टिमेट, फ्रेमिंग, बाकीची कामं, सेफ्टी, हे सगळं साइटवर रोज करणाऱ्याला येतं, फक्त हाताला माहीत असलेल्या गोष्टीचं इंग्रजी नाव माहीत पाहिजे. कायद्याचा पेपर मला जड गेला. कामगार भरती, पगाराचे कर, विमा, लीन, कॉन्ट्रॅक्टमधल्या अटी. लीन म्हणजे पैसे दिले नाहीत तर त्या घरावर बोजा चढवण्याचा कॉन्ट्रॅक्टरचा आणि मटेरियलवाल्याचा हक्क, आणि सबकॉन्ट्रॅक्टर असाल तर त्यासाठी कामाला लागल्यापासून २० दिवसांत घरमालकाला नोटीस द्यावी लागते. हे पाठ करून उपयोग नाही, एकेक उदाहरण घेऊन समजून घ्यावं लागतं. मुलगी तेव्हा सातवीत होती, ती फ्लॅशकार्डं करून मला रात्री विचारायची आणि चुकलं की परत पहिल्यापासून. रिझल्ट तिथेच मिळतो, पास असाल तर मार्क सांगत नाहीत, नुसतं पास, नापास असाल तर कुठल्या भागात कमी पडलात ते सांगतात. मी दोन्ही पास झालो तेव्हा पार्किंगमधूनच ताईला फोन केला आणि ती रडायलाच लागली.

पास झालं म्हणजे लायसन्स हातात आलं असं नाही. बाँड लागतो २५,००० डॉलरचा, २०२२ अखेरपर्यंत तो १५,००० होता. लोक हा आकडा ऐकून घाबरतात. एवढे पैसे भरायचे नसतात, बाँड कंपनी तुमचा जामीन राहते आणि तुम्ही वर्षाला त्याचा हप्ता देता, क्रेडिट चांगलं असेल तर काहीशे डॉलरात होतं, इकडे नवीन असाल आणि क्रेडिट हिस्टरीच नसेल तर जास्त लागतो, म्हणून क्रेडिट आधीपासून सांभाळा. पण तो तुमचा विमा नाहीये हे लक्षात ठेवा, तुमच्यामुळे ग्राहकाचं नुकसान झालं तर कंपनी त्याला पैसे देते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. मग ॲस्बेस्टॉसबद्दलची एक छोटी परीक्षा, ती पुस्तक बघून घरी सोडवायची. आणि वर्कर्स कॉम्प, म्हणजे कामगाराला कामावर इजा झाली तर त्याचा विमा. हाताखाली कोणी नसेल तर तसं लिहून देऊन सूट मिळते, पण रूफिंग, काँक्रीट, एसी, ॲस्बेस्टॉस, झाडं तोडणारे ह्यांना कोणी नसलं तरी घ्यावाच लागतो, आणि २०२८ पासून तो सगळ्यांनाच लागू होणार आहे. माझं म्हणणं, लागू व्हायची वाट बघूच नका. छपरावरून पडलेला माणूस मी बघितलाय.

लायसन्स आल्यावर महिन्याभरात दोन वेगवेगळ्या लोकांचे फोन आले, की तुमच्या लायसन्सवर आमची कंपनी चालवू, तुम्ही काही करायचं नाही, महिन्याला ठरावीक रक्कम देऊ. आपल्यातले काही जण ह्याला भुलतात. दुसऱ्याच्या कंपनीसाठी रिस्पॉन्सिबल मॅनेजिंग एम्प्लॉयी, म्हणजे ज्याच्या लायसन्सवर कंपनी चालते तो जबाबदार कर्मचारी, म्हणून नाव द्यायचं असेल तर आठवड्याला किमान ३२ तास किंवा कंपनीच्या कामाच्या वेळेच्या ८० टक्के तिथे प्रत्यक्ष काम करावं लागतं आणि कामावर देखरेख ठेवावी लागते. नुसतं नाव भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि त्यांनी केलेल्या घाणीला जबाबदार तुम्ही. मी दोघांनाही नाही म्हटलं.

आता ग्राहकांचं. आपल्या लोकांकडे काम घेताना मला सगळ्यात जास्त वेळ हे समजावण्यात जातो की लेखी कॉन्ट्रॅक्ट करावंच लागतं. "अहो तुम्ही आपलेच, कॉन्ट्रॅक्ट कसलं, तुमच्या शब्दावर आमचा विश्वास आहे," असं एक काकू मला म्हणाल्या, आणि चहाबरोबर बाकरवडी पण पुढे केली. मी म्हटलं, "काकू, विश्वास आहे म्हणूनच लिहूया, नंतर टाइल कुठली ठरली होती ह्याच्यावरून आपल्यात वाद नको." मग त्यांनी चेकबुक काढलं आणि निम्मे पैसे आत्ताच घ्या म्हणाल्या. तेही घेता येत नाहीत. घराच्या कामात अॅडव्हान्स जास्तीत जास्त १,००० डॉलर किंवा कॉन्ट्रॅक्टच्या १० टक्के, ह्यातलं जे कमी असेल तेवढाच घ्यायचा. चाळीस हजाराचं किचन असलं तरी हजारच. पुढचे हप्ते जेवढं काम झालं, मटेरियल आलं तेवढ्याचेच. आणि कॉन्ट्रॅक्ट सही केल्यावर ग्राहकाला ३ कामकाजाच्या दिवसांत रद्द करायचा हक्क असतो, वय ६५ किंवा जास्त असेल तर कामकाजाचे ५ दिवस. काकू पासष्टच्या पुढच्या होत्या, मी त्यांना ते पान उघडून दाखवलं आणि पाच दिवस झाल्यावरच मटेरियल मागवलं. त्यांच्या मुलाला ते इतकं आवडलं की पुढची तीन घरं त्याच्याकडून आली.

घरमालक म्हणून वाचताय त्यांच्यासाठी, कोणीही कॉन्ट्रॅक्टर एस्टिमेट द्यायला आला की नंबर मागा आणि बोर्डाच्या वेबसाइटवर टाकून बघा. लायसन्स चालू आहे का, कुठल्या कामाचं आहे, बाँड आहे का, वर्कर्स कॉम्प आहे का, तक्रारीवरून कारवाई झाली आहे का, सगळं एका पानावर फुकट दिसतं. तिथलं नाव समोरच्या माणसाच्या फोटो असलेल्या ओळखपत्राशी जुळवून बघा, दुसऱ्याचा नंबर सांगणारे पण फिरतात. जाहिरातीत, कॉन्ट्रॅक्टवर, धंद्याच्या ट्रकवर नंबर असलाच पाहिजे. जो पहिल्या भेटीत निम्मे पैसे मागतो त्याला नमस्कार करून परत पाठवा, मग तो आपल्या गावचा का असेना.

दुसऱ्या राज्यातल्यांनी माझं हे सगळं जसंच्या तसं धरून चालू नका, प्रत्येक राज्याचं वेगळं आहे. टेक्सासमध्ये जनरल कॉन्ट्रॅक्टरला राज्याचं लायसन्सच नाही, पण इलेक्ट्रिशियन, प्लंबर, एसीवाल्यांना आहे, आणि शहरांचे आपापले नियम असतात. न्यूयॉर्कमध्येही जनरल कॉन्ट्रॅक्टरचं राज्याचं नाही, न्यूयॉर्क शहराचं होम इम्प्रूव्हमेंटचं लायसन्स आहे. एडिसनकडचे लोक विचारतात, न्यूजर्सीत होम इम्प्रूव्हमेंट कॉन्ट्रॅक्टर म्हणून राज्याकडे नोंदणी करावी लागते. ॲरिझोना, नेवाडा अशा थोड्या राज्यांत तुमचं लायसन्स ५ वर्षं स्वच्छ चाललं असेल तर कॅलिफोर्नियाची ट्रेडची परीक्षा माफ होऊ शकते, कायद्याची मात्र द्यावीच लागते.

माझ्याकडे आता दोन जण पगारी आहेत. दोघांचा वर्कर्स कॉम्प काढलाय, पगार चेकने, प्रत्येकाची वही मी ठेवतो आणि दर सहा महिन्यांनी त्यांनी काय काय काम केलं त्याचं पत्र सही करून त्यांच्या हातात देतो, मी उद्या असो नसो. त्यातला एकजण ग्वाटेमालाचा आहे, ड्रायवॉलमध्ये त्याचा हात इतका साफ आहे की जोड कुठे आहे ते दिवा धरला तरी दिसत नाही. पुढच्या मार्चमध्ये त्याची चार वर्षं पूर्ण होतात, त्याला सी-९ काढायचंय, आणि त्याचा फॉर्म भरायला आम्ही ह्या रविवारी बसणार आहोत.